रिकामी गाडी जास्त उडते

पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा रात्रीचा एक वाजत आला होता. गाडीत देवगडचा हापूस, वाशीच्या बाजारात पहाटे पोचवायचा. ड्रायव्हर पोरगा चहाचा ग्लास बॉनेटवर ठेवून मागे गेला, वाकला आणि उलट्या हाताने दोन्ही मागच्या शॉकअपना स्पर्श करून परत आला. म्हणाला, "काका, उजवो गरम हा, डावो थंडगार."

मला वाटलं, थंड म्हणजे बरा असेल.

शॉक अ‍ॅब्झॉर्बर हा शब्द आमच्याकडे बिलावरसुद्धा कोणी पुरता लिहीत नाही. शॉकअप. आणि शॉकअपच्या बाबतीत थंड म्हणजे मेलेला. खराब रस्त्यावर तासभर काम केलेला शॉकअप तापलाच पाहिजे, कारण त्याचं कामच ते आहे. चाकाची उडी आतल्या तेलात जिरवायची आणि तिची ऊब करून बाहेर टाकायची. डावा थंड होता म्हणजे त्या चाकाच्या उड्या तेलात जिरत नव्हत्या. मग त्या कुठे जात होत्या? त्याचं उत्तर चार दिवसांनी फोनवर मिळालं. दलाल म्हणाला, "माल चांगला आहे हो, पण शेवटच्या रांगेतल्या पेट्यांत डाग दिसताहेत. फाळक्याजवळच्या."

फाळका म्हणजे हौद्याचं मागचं दार. फाळक्याजवळच्या, हे त्याने सांगितलं म्हणून नंतर पुष्कळ गोष्टींचा उलगडा झाला. पिकअपचा हौदा मागच्या चाकांच्याही मागे दोनेक फूट जातो. फळीवर झोके घेणाऱ्या पोरांसारखं आहे ते: टोकाला बसेल त्याला जास्त झोका. त्यात वरच्या थरातली पेटी तर अक्षरशः उचलली जाते आणि खालच्या पेटीवर आपटते. आंबा आपण तयार पण हिरवा भरतो, पेंढ्यात तो पिकतो, आणि मुका मार त्या वेळी दिसत नाही. तो दिसतो पिवळा झाल्यावर, देठाशेजारी किंवा पोटाला काळसर डाग होऊन. तोवर गाडी परत गावात आलेली असते.

तर शॉकअप बदलायचे ठरले. हे काम एवढं असेल असं मला वाटलं नव्हतं. दुकानात जायचं, गाडीचं नाव सांगायचं, जोडी घ्यायची, मेस्त्रीकडे टाकायची. पण कणकवलीच्या दुकानदाराने काउंटरवर चार खोकी ठेवली आणि विचारलं, "कुठला देऊ?" साधा तेलाचा होता. गॅसवाला होता, दीडपट किमतीचा. एक जाडजूड नळीचा, लाल रंगाचा, "हेवी ड्युटी" म्हणून, तो मुळात आमच्या गाडीचा नव्हताच, मोठ्या गाडीचा, "पण बसतो, खूप जण टाकतात." आणि चौथं खोकं नुसतंच पांढरं, त्यावर नाव नाही, किंमत निम्मी. पाचवी वाट त्याने तोंडी सांगितली: जुनेच तेल भरून मिळतात, वेल्डिंग करून.

माझा हात आपसूक लाल खोक्याकडे गेला. का जाणार नाही? आमची पिकअप कागदावर तेराशे किलोची. आंब्याच्या दिवसांत पेट्या, आणि पाऊस सरल्यापासून आंबा सुरू होईपर्यंत चिरे, म्हणजे घरबांधणीचे दगड. जांभ्याचा एक चिरा तीस-पस्तीस किलो भरतो, म्हणजे चाळीस चिऱ्यांत कागदावरचं वजन संपलं. प्रत्यक्षात किती चिरे चढतात ते विचारू नका. जो माणूस चाळिसाच्या जागी पंचावन्न चिरे घालतो, त्याला जाड नळी दिसली की बरं वाटतं. मी मेस्त्रीला फोन लावला. तो म्हणाला, "काय एक घेव नकात. आदी गाडी घेवन येवा."

मेस्त्रीचं गॅरेज म्हणजे फणसाखाली एक पत्र्याची शेड. गाडी लावल्या लावल्या त्याने पाना घेतला नाही, टेप घेतला. मागच्या शॉकअपच्या खालच्या डोळ्यापासून, म्हणजे बोल्ट जातो त्या कडीपासून, वरच्या डोळ्यापर्यंत मापलं. साडेएकोणीस इंच. मग दोन्ही जुने शॉकअप सोडवले. डाव्याचा नट गंजून एकजीव झाला होता. रॉकेल, मग टॉमी म्हणजे लोखंडी कांब, मग शिव्या, या क्रमाने तो सुटला. सोडवलेला शॉकअप त्याने जमिनीवर उभा धरला आणि दाबला. सुईच्या रिकाम्या नळीत दट्ट्या जावा तसा तो गेला आणि खालीच बसला. मग ओढला. पहिले दोन बोटं काहीच लागलं नाही, नुसती मोकळी चाल, आणि मग कुठे थोडी अडकण. बाहेरच्या नळीवर तेल आणि धूळ यांचा काळा मलम बसला होता. आत तेल उरलंच नव्हतं फारसं.

"आता उजवो बघा," म्हणाला. उजवा दाबायला जड, पण ओढायला त्याहून दुप्पट जड.

हे मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं गाडी चालवतो, पण शॉकअप दोन्ही दिशांना सारखाच अडवतो असं मी धरून चाललो होतो. तसं नसतं. चाक खड्ड्याच्या काठावर चढतं तेव्हा पाटे, म्हणजे आसावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, दाबले जातात. त्या वेळी शॉकअप थोडं अडवतो, फार नाही, नाहीतर ठोका सरळ चॅसीला बसेल. खरी मारामारी त्यानंतर असते. दाबलेला पाटा सगळं मनात धरून उलटा उसळतो, आणि ती उसळी शॉकअप घट्ट धरून हळूहळू सोडतो. आतमध्ये एक दट्ट्या तेलातून वरखाली जातो, दट्ट्याला बारीक भोकं आणि त्यांवर पातळ चकत्यांच्या झडपा. खाली जाताना एक वाट, वर येताना दुसरी, आणि वर येतानाची वाट अरुंद. एवढंच सगळं यंत्र. त्यात स्प्रिंग नाही, वजन उचलण्याची काही सोयच नाही.

हे मेस्त्रीने त्याच्या भाषेत सांगितलं: "वजन पाटे घेतत. शॉकअप वजन घेना नाय. तो पाट्यांका गप करता."

म्हणजे लाल खोक्याचा विषय संपला. शॉकअपमधला "हेवी ड्युटी" हा शब्द वजनाशी नसून तेलाच्या प्रमाणाशी, दट्ट्याच्या व्यासाशी, रॉडच्या जाडीशी असतो. फार तर उष्णता सहन करण्याशी. जाड शॉकअप टाकल्याने एक चिरासुद्धा जास्त चढवायची परवानगी मिळत नाही. शिवाय दुसऱ्या गाडीचा शॉकअप "बसतो" म्हणजे त्याचे डोळे बोल्टात जातात, इतकंच. मिटल्यावर तो किती आखूड होतो, उघडल्यावर किती लांब, हे जुळलं नाही तर एक तर तो पाट्यांच्या आधीच आतून टेकतो आणि चॅसीवर घणासारखा आदळतो, नाही तर चाक खाली लोंबताना पुरता ताणला जाऊन स्वतःच तुटतो.

आमच्यात नेमकं हे दुसरं झालं होतं, आणि ते आम्हीच केलं होतं.

मेस्त्रीने पाट्यांच्या थप्पीवर टॉमी टेकवली. "ह्यो वरचो पाटो कोणी घातल्यान?"

मीच. मागच्या दिवाळीनंतर एका घराच्या चिऱ्यांचं काम लागलं होतं आणि गाडी मागून बसायची, म्हणून दुसरीकडून एकेक पाटा वाढवून घेतला. गाडी मागे दीड इंच उचलली गेली. मला ते फार आवडलं होतं. रिकामी गाडी उभी असली की मागून ताठ दिसायची, तालमीतून आल्यासारखी. पण शॉकअप जुन्याच मापाचा राहिला. मिटलेला तेरा इंच, पुरता उघडलेला एकवीस. आणि रिकाम्या गाडीत तो उभ्या उभ्याच साडेएकोणीसवर ताणलेला. म्हणजे खाली जायला साडेसहा इंच, आणि वर उसळायला फक्त दीड. प्रत्येक बऱ्याशा खड्ड्यानंतर मागचा आस खाली लोंबायचा तेव्हा त्याचं अख्खं वजन त्या रॉडच्या टोकाला झटका देऊन लटकायचं. त्याच्या डोळ्यातलं रबर एका बाजूने चिरलं होतं, ते त्यामुळेच. मग तेल अडवणारं सील गेलं, मग तेल. डावा आधी गेला, कारण डावं चाक सगळ्या रस्ताभर साइडपट्टीच्या तुटक्या कडेवर असतं.

आणि हे सगळं रिकाम्या गाडीत. भरलेल्या गाडीत शॉकअप साडेसोळावर, दोन्हीकडे भरपूर जागा, पाटेही वजनाखाली मऊ वाटतात, गाडी बैलगाडीसारखी डुलत जाते. रिकामी झाली की तीच गाडी उंडारते. सव्वा टनाचा माल सोसायला बनवलेले पाटे, त्यावर आता पेंढ्याच्या काड्या आणि चार दोऱ्या. आस आणि चाकं मात्र तेवढीच जड. खड्डा आला की जड आस हलक्या हौद्याला वर फेकतो, आणि चाक क्षणभर रस्ता सोडतं. रस्ता सोडलेल्या चाकाला ब्रेक लागत नाही. टायरवरून तळहात फिरवा म्हणाला मेस्त्री. फिरवला. डाव्या मागच्या टायरला ठरावीक अंतरावर वाट्या पडल्या होत्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, पण हाताला स्पष्ट. प्रत्येक वाटी म्हणजे चाक उडून परत टेकलं त्याची खूण.

"भरलेल्या गाडयेचो इचार सगळे करतत," मेस्त्री म्हणाला. "रिकाम्या गाडयेचो कोण करता? अर्धो रस्तो तर तुमी रिकामेच येतास."

मी हिशेब केला. वाशी साडेचारशे किलोमीटरच्या आसपास, एक बाजू. जाताना पेट्या, येताना कधी तरी कोणाचं कपाट किंवा फ्रिज, नाही तर रिकामं. चिऱ्यांचंही तेच: खाणीवरून भरून, खाणीवर रिकामं. गाडीचं अर्धं आयुष्य रिकामं जातं, आणि मी दुकानात उभा राहून फक्त भरलेल्या अर्ध्याचा शॉकअप शोधत होतो. तोसुद्धा कायद्यापेक्षा जास्त भरलेल्या.

त्यात आपला हा मुंबई-गोवा रस्ता. पनवेल ते इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा शाळेत असलेली पोरं आता याच रस्त्याला ड्रायव्हर आहेत. खड्ड्यांबद्दल सगळेच बोलतात, मी वेगळं काय सांगणार. पण एक गोष्ट या प्रकरणात लक्षात आली: शॉकअप गेलेल्या गाडीला खड्ड्यांहून काँक्रीटचा चांगला पट्टा जास्त छळतो. खड्डे वेडेवाकडे येतात, त्यांना ताल नसतो. काँक्रीटचे सांधे ठरावीक अंतरावर येतात, टक्-टक्, टक्-टक्, आणि एका विशिष्ट वेगाला गाडीचा झोका आणि सांध्यांचा ताल जुळतो. मग झोपाळ्याला प्रत्येक वेळी नेमक्या क्षणी कोणी ढकलावं तशी गाडी मागून चढत जाते. चांगला शॉकअप तो झोका दोन हेलकाव्यांत मारतो. मेलेला त्याच्याबरोबर नाचतो. कित्येकदा आम्ही नव्या रस्त्यावर वेग कमी करायचो आणि का ते कळत नव्हतं.

आता निवड. तुमका आंबे व्हरूचे आसत की चिरे, असं मेस्त्रीने विचारलं तेव्हा खरं तर प्रश्न पाट्याचा होता. पाटा ठेवायचा तर त्या उंचीला साजेसा, जास्त लांबीचा आणि उसळी जास्त ताकदीने धरणारा शॉकअप शोधावा लागणार. कारण पाटा वाढला की त्याची उसळीही वाढते आणि जुना शॉकअप तिला अपुरा पडतो. पाटा काढायचा तर पंचावन्न चिऱ्यांना रामराम. मी अर्धा दिवस घेतला. घरी येऊन डायरी काढली. चिऱ्यांच्या एका फेरीतले ते वरचे पंधरा चिरे मला किती मिळवून देतात, आणि एक टायर, एक शॉकअपची जोडी, शेवटच्या रांगेतल्या डागी पेट्या किती घेऊन जातात. आकडे इथे लिहीत नाही, लाज वाटते. दुसऱ्या दिवशी पाटा काढायला सांगितला.

पाटा काढल्यावर टेपवर अठरा इंच आले. खाली पाच, वर तीन.

मग शॉकअप मूळ मापाचाच, पण साधा की गॅसचा? इथे मी थोडा अभ्यास केला, रात्री मोबाइलवर, आणि मला त्यात मजा वाटू लागली. साध्या शॉकअपमध्ये दोन नळ्या असतात, एकात एक. आतल्या नळीत दट्ट्या आणि तेल, बाहेरच्या नळीत उरलेलं तेल आणि वर हवा. आपल्या रस्त्यावर तासन्‌तास हलल्यावर ताक घुसळावं तसं होतं. हवा तेलात मिसळून फेस येतो. फेस भोकांतून सहज निघतो, त्याला कसलाच अडथळा नाही. म्हणून गाडी निघताना ठीक असते आणि महाडच्या पुढे बिघडते. थांबून चहा प्यायलात की फेस बसतो, गाडी पुन्हा शहाणी. गॅसवाल्यात त्या हवेच्या जागी थोड्या दाबाने नायट्रोजन भरलेला असतो. दाबाखाली तेलाला फेस लवकर येत नाही. एवढाच फरक, पण आमच्यासारख्या रात्रभर चालणाऱ्या गाडीला तोच हवा होता.

तिसरा प्रकार म्हणजे एकाच नळीचा, आत तरंगता दट्ट्या आणि त्याच्यामागे खूप जास्त दाबाचा नायट्रोजन. कल्पना द कार्बों नावाच्या फ्रेंच माणसाची. बिल्श्टाइन या जर्मन कंपनीने त्याचे शॉकअप १९५७ साली मर्सिडीजच्या गाड्यांसाठी बनवले. नळी एकच, म्हणून बाहेरच्या वाऱ्याने थेट थंड होते. दट्ट्याही मोठा मावतो. जीपवाली हौशी मंडळी हेच टाकतात. मलाही तासभर मोह झाला. पण त्या एकाच नळीच्या भिंतीवरून दट्ट्या घासत जातो, आणि तिला बाहेरून पोचा आला तर दट्ट्या तिथेच अडतो. आमची गाडी चिऱ्याच्या खाणीत जाते. तिथे दगड कुठून उडेल सांगता येत नाही. दोन नळ्यांच्या शॉकअपला बाहेरून पोचा आला तरी आतली नळी बहुधा शाबूत राहते. तेव्हा दोन नळ्यांचा, गॅसचा, मूळ मापाचा. कंपनीच्या बाबतीत मी फार चिकित्सा केली नाही. शॉकअप म्हटलं की आपल्याकडे गॅब्रिएलचं नाव येतं, १९६१ साली मुलुंडला सुरू झालेली कंपनी. आणखीही चांगली नावं आहेत. मी एवढंच पाहिलं की खोक्यावर गाडीचं नाव, बनवल्याची तारीख आणि किंमत छापलेली आहे आणि दुकानदार पक्कं बिल देतो. पांढऱ्या खोक्याचं बिल तो देत नव्हता. तेल भरून मिळणाऱ्यांबद्दल मेस्त्री एवढंच म्हणाला, की आतल्या चकत्या झिजलेल्या असतात त्या कोण बदलतो?

चारही घेतले. दोन घेऊन भागलं असतं, पुढचे जरा बरे होते. पण एकाच आसावर एक नवा एक जुना तर अजिबात नाही, हे मी आता दुसऱ्याला सांगायच्या लायकीचा झालो होतो.

बसवताना पाहण्यासारखं होतं. नवा गॅसचा शॉकअप पट्टीने बांधून दाबलेला येतो. मेस्त्रीने पट्टी कापली तर तो हाताने न ओढता आपणहून, सावकाश, एकाच संथ गतीने उघडत गेला. कोणीतरी झोपेतून आळस देत उठावं तसा. मग त्याने तो उभा धरून पाच-सहा वेळा पुरता दाबून सोडला, आडवा पडून आतल्या नळीत गेलेला गॅस वर निघावा म्हणून. हेल्पर पोराने रॉड पकडीत धरायला घेतला तेव्हा त्याला असा आवाज दिला की फणसावरचे कावळे उडाले. त्या चकचकीत रॉडवर एक ओरखडा पडला की तो दर फेरीला सील कापत राहतो. बोल्ट आधी नुसते अडकवले, गाडी घोडीवरून उतरवून चाकांवर उभी केली, आणि मग आवळले. लोंबत्या अवस्थेत आवळले तर रबर कायमचं पिळलेलं राहतं, म्हणाला.

पहिली फेरी लगेच लागली. साठ पेट्या, एकही जास्त नाही. शेवटच्या रांगेखाली जुन्या पोत्यांची घडीसुद्धा घातली, कारण सगळं काही शॉकअपवर सोडायचं नसतं. मी मुद्दाम बरोबर गेलो. पोलादपूरला उतरून मीच वाकलो. चारही गरम. मागचा डावा इतका, की उलटा हात चटकन मागे आला.

चार दिवसांनी दलालाचा फोन.

"डाग नाहीत हो या खेपेला. मागच्या रांगेतही नाहीत."

"मग?"

"मग काय, आवक वाढली. पेटीमागे दोनशेने खाली आलाय भाव."

पण त्या फेरीचं मला खरं लक्षात राहिलं ते परत येतानाचं. हौद्यात दोऱ्या, पेंढा आणि कोणाची तरी एक प्लास्टिकची खुर्ची. रिकाम्या पिकअपच्या केबिनमध्ये मी तोवर कधी झोपलो नव्हतो. डोकं काचेवर आपटतं, दात वाजतात. माणगाव गेल्याचं आठवतं. त्यानंतर डोळे उघडले ते नांदगाव तिठ्यावर, गाडी देवगडकडे वळत होती आणि ऊन चांगलं वर आलं होतं.

"अरे, हातखंबा कधी गेला?"

"थंय चायक थांबललंय मी," पोरगा म्हणाला. "तुमका उठवलंय नाय."

मागे वळून पाहिलं. प्लास्टिकची खुर्ची वाशीत ठेवली होती तिथेच, चारही पायांवर उभी होती.